माळ कुठे तुटते?
उत्सवी पिक्सेल रोषणाईतील संकेतदोष आणि त्यांचा शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला पदार्थविज्ञान फळ्यावर कमी आणि प्रयोगशाळेच्या लाकडी टेबलावर अधिक शिकवले. विद्युतघंटा वाजली नाही की आम्ही मुले लगेच स्क्रू फिरवायला धावत असू. गुरुजी आम्हाला थांबवीत आणि वहीत दोन रकाने आखायला लावीत. डाव्या रकान्यात ‘काय चालते’ आणि उजव्या रकान्यात ‘काय चालत नाही’ असे लिहायचे. डावा रकाना भरल्याशिवाय कशालाही हात लावण्याची मुभा नसे. त्या वयात हा नियम आम्हाला वेळकाढूपणाचा वाटे. त्याचे मोल मला फार उशिरा कळले, आणि तेही दुसऱ्या एकाचे नुकसान झाल्यावर कळले. आजच्या विषयाची निवड मी त्या प्रसंगामुळे केली आहे. तो प्रसंग मी पुढे योग्य ठिकाणी सांगणार आहे.

विषय तसा आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. पोळा झाला की आपल्या पांढुर्ण्या-सौंसरकडे सणांची रांग लागते. तान्हा पोळा, गोटमार, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी अशा क्रमाने दोन-अडीच महिने गावे उजळलेली असतात. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तहसिली त्यात आल्या. तेव्हापासून मंडळांचा उत्साहही वाढला आहे. जाम नदीच्या अलीकडे-पलीकडे, पांढुर्ण्यात आणि सावरगावात, सौंसरच्या बाजारात, जामसावळीच्या हनुमंताकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता जी रोषणाई दिसते, तिचे दिवे नुसते लागत-विझत नाहीत. त्यांतून मोर पिसारा फुलवतो, पाणी वाहते, अक्षरे धावतात. ही किमया ‘पिक्सेल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिव्यांची आहे. आणि ऐन आरतीच्या वेळी मोराचा पिसारा विस्कटून सारी कमान पिसाटासारखी लुकलुकू लागते, तेव्हा मांडवामागे उभ्या असलेल्या बिछायत केंद्राच्या पोराच्या तोंडचे पाणी पळते, हेही आपण पाहिले आहे.

पूर्वीची रोषणाई

माझ्या पिढीने जी धावती रोषणाई पाहिली, ती यांत्रिक होती. मोटारीवर एक रोलर फिरे. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत आणि पट्टी संपर्काला टेकली की बल्बांची एक ओळ पेटे. पट्ट्यांच्या मांडणीवर चित्राची हालचाल ठरे. बंगालमधील चंदननगर हे गाव जगद्धात्री पूजेच्या अशा रोषणाईसाठी देशभर प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीत प्रत्येक ओळीला वेगळी तार लागे. एखादी ओळ बंद पडली तर तीच ओळ बंद पडे आणि बाकीचे चित्र शाबूत राही. दोष जिथे असेल तिथेच तो दिसत असे.

पुढे प्रकाश देणारे डायोड, म्हणजे आपले एलईडी, आले. १९६२ साली निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला. निळा मात्र तीस वर्षे हुलकावण्या देत राहिला. जपानमधील इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी तो साध्य झाला, १९९३ मध्ये तेजस्वी निळा डायोड बाजारात आला आणि या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग एका ठिकाणी आले की कोणताही रंग मिळवता येतो. पिक्सेलच्या एका मण्यात हे तीन डायोड असतात आणि त्यांच्याजवळ तांदळाच्या कणीहूनही लहान असे एक नियंत्रक मंडल असते. आपल्या आजच्या विवेचनाचा नायक हे मंडलच आहे.

पंगतीतील पत्रावळी

पुष्कळांचा असा समज असतो की प्रत्येक पिक्सेलला घराला असतो तसा एक क्रमांक दिलेला असतो आणि कंट्रोलर त्या क्रमांकाच्या पत्त्यावर हुकूम पाठवतो. बाजारात सर्वाधिक चालणाऱ्या डब्ल्यूएस २८१२ आणि डब्ल्यूएस २८११ या प्रकारांत असे काही नसते. तिथली व्यवस्था आपल्या पंगतीसारखी आहे. पंगतीच्या टोकाला पत्रावळींची चळत दिली जाते. पहिला माणूस वरची पत्रावळ स्वतःपुढे ठेवतो आणि उरलेली चळत शेजाऱ्याकडे सरकवतो. दुसराही तेच करतो. कोणालाच आपला क्रमांक ठाऊक नसतो, तरी प्रत्येकाला आपल्या वाट्याची पत्रावळ मिळते.

पिक्सेलची पत्रावळ २४ अंकांची असते. प्रत्येक रंगाच्या तेजासाठी ८ अंक, असे तीन रंगांचे मिळून २४. हे अंक केवळ ० आणि १ असतात. प्रत्येक अंकाला सव्वा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठ लाखावा भाग, एवढा वेळ दिलेला असतो. त्या अवधीत तारेवरचा दाब सुमारे ०.४ मायक्रोसेकंद उंच राहिला तर तो ० समजायचा आणि सुमारे ०.८ मायक्रोसेकंद उंच राहिला तर १ समजायचा. २४ अंकांना ३० मायक्रोसेकंद लागतात. म्हणून १,००० मण्यांच्या माळेला एक चित्र पोचवण्यास ३० मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला सुमारे ३३ चित्रे दाखवता येतात. चित्र संपले की तार थोडा वेळ शांत ठेवतात. ती शांतता ही ‘पंगत पुन्हा पहिल्यापासून’ अशी सूचना असते.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. प्रत्येक मणी पुढचा संकेत जसाच्या तसा जाऊ देत नाही, तर तो वाचून, त्याच्या कडा पुन्हा धारदार करून, नव्या जोमाने पुढे पाठवतो. जुन्या तारायंत्राच्या लांब मार्गावर मधल्या ठाण्यांत बसवलेले रिले हेच काम करीत. त्यामुळे माळ कितीही लांब असली तरी संकेत वाटेत क्षीण होत नाही. परंतु या सद्गुणाची दुसरी बाजूही आहे. मणी आकार सुधारू शकतो, चूक सुधारू शकत नाही. एखाद्या मण्याने १ च्या जागी ० वाचला तर तो ० च मोठ्या ऐटीत पुढे जातो. आणि एखादा अंकच गळाला तर पुढच्या सर्वांच्या पत्रावळी एकेक घर सरकतात आणि पुढचे सारे रंग बिघडतात. रोलरच्या काळात दोष जिथे होता तिथेच दिसे. पिक्सेलच्या माळेत तो एका ठिकाणी घडतो आणि शंभर ठिकाणी दिसतो. शोधणाऱ्याने ही गोष्ट सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

संकेताचे तीन शत्रू

संकेत बिघडण्याची कारणे बहुधा तीन प्रकारांत बसतात.

पहिले कारण म्हणजे संकेताची अपुरी उंची. पाच व्होल्टवर चालणारा डब्ल्यूएस २८१२ चा मणी आपल्या पुरवठ्याच्या सात दशांश, म्हणजे साडेतीन व्होल्ट, एवढी उंची असली तरच संकेत ‘उंच’ मानण्याची हमी देतो. आजचे पुष्कळसे लहान कंट्रोलर मात्र ३.३ व्होल्टचाच संकेत देतात. हा फरक थोडका असल्यामुळे घोटाळा अधिक होतो. दुकानात साध्या अडॅप्टरवर माळ छान चालते, कारण तो अडॅप्टर भाराखाली साडेचार व्होल्टपर्यंत उतरलेला असतो आणि मग ३.१५ व्होल्टची उंचीही पुरते. मांडवात चांगला, भारदस्त सप्लाय लावला की पूर्ण पाच व्होल्ट मिळतात आणि तीच माळ लुकलुकू लागते. सप्लाय चांगला मिळाल्याने माळ बिघडली, हे कोणाला पटत नाही आणि बिचाऱ्या नव्या सप्लायवर आळ येतो. यावर उपाय सोपा आहे. कंट्रोलर आणि माळ यांच्यामध्ये ७४ एचसीटी २४५ किंवा तत्सम पातळी उंचावणारी चकती बसवावी. ती दोन व्होल्टच्या वरचा संकेत उंच मानते आणि पूर्ण पाच व्होल्टचा करून पुढे देते.

दुसरे कारण म्हणजे कंट्रोलरपासून पहिल्या मण्यापर्यंतची लांब तार. मण्यामण्यांतले अंतर बोटभर असते, पण कंट्रोलर मंचाखाली आणि कमान रस्त्यापलीकडे असली तर संकेताला दहा-पंधरा मीटर एकट्याने चालावे लागते. तारेच्या अंगी असलेल्या धारकतेमुळे त्याच्या धारदार कडा गोल होतात आणि टोकाशी आपटून परत फिरणाऱ्या लहरी त्यात मिसळतात. हा अनुभव जगाला नवा नाही. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकली गेली, तेव्हा एका टोकाला दिलेला टोला दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोचे. अधिक दाब दिला म्हणजे तो स्पष्ट होईल अशा समजुतीने तिला सुमारे २,००० व्होल्ट दिले गेले आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचा आग्रह होता की जोर वाढवू नये, तार चांगली घ्यावी आणि मोजमाप नाजूक करावे. १८६६ मध्ये टिकाऊ तार टाकली गेली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. आपल्या मांडवातही तोच न्याय लागू होतो. कंट्रोलरच्या मुखाशीच काही दशकांपासून काही शतकांपर्यंत ओहमचा एक रोध संकेताच्या तारेत ओवावा, संकेताची तार आणि ऋण तार यांचा पीळ घालावा, आणि अंतर फार असेल तर आरएस ४८५ पद्धतीने पाठवणारी व घेणारी अशी जोडी वापरावी. त्या पद्धतीत दोन तारांतील फरक वाचला जातो. दोन्ही तारांवर सारखाच पडलेला बाहेरचा गोंगाट त्या फरकात उरत नाही.

तिसरे आणि माझ्या अनुभवात सर्वांत दगाबाज कारण म्हणजे शून्याचे स्थलांतर. ‘संकेत पाच व्होल्ट उंच आहे’ असे आपण म्हणतो, पण कशापासून उंच? तो ऋण तारेपासून मोजलेला असतो. कंट्रोलरचे शून्य आणि मण्याचे शून्य एकच असेल, तरच दोघांची भाषा जुळते. दोन सप्लाय वापरले आणि त्यांच्या ऋण बाजू एकमेकींना जोडल्या नाहीत, तर संकेताला उभे राहायला जमीनच उरत नाही. ऋण बाजू जोडल्या, पण तारा बारीक असल्या, तर भार वाढताच शून्य जागचे हलते.

तारेचा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. डब्ल्यूएस २८१२ चा एक मणी पूर्ण पांढरा पेटला तर जुन्या माहितीपत्रकांप्रमाणे साठ मिलिअँपिअरपर्यंत धारा घेतो. म्हणजे ५० मण्यांना ३ अँपिअर. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. माळ दहा मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार झाली आणि रोध झाला सुमारे ०.७ ओहम. ओहमच्या नियमाने दाबाची घट दोन व्होल्टहून अधिक येते. पाचातून दोन गेले! अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच घट सुमारे ०.४ व्होल्टवर येते. बारा व्होल्टच्या माळेत दोन व्होल्टची घट एक वेळ सोसते, पाचाच्या माळेत सोसत नाही. म्हणून लांब माळेला सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा अनेक ठिकाणी जाड तारेने पुरवठा द्यावा लागतो. घट होत असल्याची खूणही माळ स्वतःच देते. निळ्या डायोडला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि लालला दोनच्या आसपास पुरतात. त्यामुळे दाब उतरला की निळा आधी मंदावतो आणि शेवटाकडचा पांढरा रंग पिवळसर, मग तांबूस दिसू लागतो.

लक्षणांवरून निदान

आता वैद्याप्रमाणे लक्षणांकडे पाहू.

एका ठिकाणापर्यंत माळ उत्तम चालते आणि पुढे सारी अंधारी किंवा गोठलेली दिसते, हे सर्वांत सोपे लक्षण. चळत तिथेच अडली आहे. दोष तीनपैकी एका जागी असतो: शेवटच्या चांगल्या मण्याचे तोंड, पहिल्या बंद मण्याचा कान, किंवा त्या दोहोंमधला सांधा. शेवटचा मणी स्वतः सुंदर पेटतो म्हणून तो निर्दोष, असे मानू नये. स्वतः जेवून शेजाऱ्याला पत्रावळ न देणारा माणूसही पंगतीत असू शकतो. आधी सांध्याचा डाख तपासावा, मग दोन्ही मणी बदलावेत. पुढचे मणी जुन्याच रंगात गोठले असतील तर त्यांना पुरवठा आहे, फक्त संकेत नाही, असे समजावे, कारण पुरवठा असेपर्यंत मणी शेवटचा हुकूम पाळीत राहतो. ते अंधारे असतील तर आधी मीटरने दाब पाहावा.

मधला एकच मणी अंधारा आहे आणि पुढचे सारे ठीक आहेत, तर त्या मण्याचे डायोड गेले आहेत, संकेतमार्ग शाबूत आहे. सणाची रात्र तशीच काढता येते.

पहिल्या मण्यापासूनच सारी माळ वेडीवाकडी लुकलुकते, तर संकेताची उंची, लांब तार किंवा न जुळलेले शून्य यांपैकी एक कारण बहुधा असते. काहीच पेटत नसेल तर माळेवरील बाणाची दिशा पाहावी. संकेत एकाच दिशेने चालतो आणि घाईत उलटी जोडलेली माळ मी कितीदा तरी पाहिली आहे.

हालचाल बरोबर पण रंग चुकीचे, म्हणजे लालच्या जागी हिरवा, असे असेल तर तारांना हात लावू नये. काही मणी हिरवा-लाल-निळा या क्रमाने वाचतात, काही लाल-हिरवा-निळा या क्रमाने. कंट्रोलरमध्ये क्रम बदलला की काम होते. चित्र माळेच्या मध्येच संपत असेल तर कंट्रोलरमध्ये भरलेली मण्यांची संख्या तपासावी.

मंद चित्रात सारे ठीक, पूर्ण पांढरे केले की गोंधळ, असे असेल तर दिसायला तो संकेताचा दोष असतो, पण मूळ पुरवठ्यात किंवा ऋण तारेत असते. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस सरलेला नसतो. सरीनंतर किंवा पहाटेच्या दवात दोष उद्भवत असेल आणि उन्हाने बरा होत असेल, तर सांध्यांत पाणी शिरले आहे हे निश्चित.

कोणतेच लक्षण स्पष्ट नसेल तेव्हा माळ निम्म्यावर तपासावी. हातात मावणारा एक लहान कंट्रोलर थेट मधल्या मण्याला जोडावा. पुढचा अर्धा भाग चालला तर दोष मागच्या अर्ध्यात आहे, नाही चालला तर पुढच्या अर्ध्यात आहे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. ५०० मण्यांत असा शोध ९ पायऱ्यांत संपतो. एकेक मणी तपासत गेलो तर रात्र संपते.

२०२२ सालचा प्रसंग

आता तो प्रसंग. २०२२ सालच्या गणेशोत्सवात पांढुर्ण्यातील एका मंडळाच्या मांडवात दोन कमानी होत्या. पुढची पहिली, गणरायाच्या मागची दुसरी. दुसऱ्या कमानीत ८० मणी होते. दोन्हींचे सप्लाय मंचाखालच्या एकाच पेटीत होते आणि त्यांच्या ऋण बाजू पेटीतच जोडलेल्या होत्या. दिवसभर सारे सुरळीत चाले. सायंकाळी आरती सुरू झाली की मागची कमान पिसाळे. दोन दिवस असे झाल्यावर कार्यकर्त्यांत कुजबुज सुरू झाली. कोणी विघ्नाची भाषा बोलू लागले, कोणी वायरमनची. हे काम एका तरुण मुलाने घेतले होते. त्याचे ते पहिलेच मोठे काम होते आणि मण्यांचे पैसे त्याने पदरचे घातले होते.

मी विज्ञानाचा जाणकार म्हणून मला बोलावले. दुपारची वेळ होती. मी कमानीवर मीटर लावला, ४.८ व्होल्ट आले. पुरवठा ठीक आहे असे मी जाहीर केले. संकेताची तार ओढून पाहिली, घट्ट होती. मग सर्वांसमक्ष निकाल दिला की माळच हलक्या प्रतीची आहे. तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, माळच खराब असती तर दिवसाही बिघडली असती ना? आरतीच्याच वेळी का बिघडते, तेवढे सांगा.” मी त्याला म्हटले, “रात्री दमट हवा असते, म्हणून.” मंडळाने त्याचे निम्मे पैसे कापले, माळ उतरवली आणि दुसऱ्याकडून दुसरी लावून घेतली.

विसर्जनानंतर त्याने ती माळ आपल्या घराच्या ओट्यावर लावली. रात्रभर ती निर्दोष चालली. त्याने मला बोलावून ती दाखवली. तो काही बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्याने मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या लोकांना विनंती करून ती पेटी आणि तारा मागवल्या आणि सारी मांडणी आमच्या अंगणात पुन्हा उभी केली. या वेळी वहीत दोन रकाने आखले. डाव्या रकान्यात पहिली ओळ लिहिली: ‘दिवसा चालते.’ दुसरी ओळ लिहिली: ‘मंद चित्रात चालते.’ आणि तिथेच हात थांबला. आरतीच्या वेळी काय बदलत होते? आरती सुरू होताच कार्यकर्ते दोन्ही कमानी पूर्ण पांढऱ्या करीत.

मी कमान पूर्ण पांढरी केली आणि पुन्हा मीटर लावला. ४.८ च्या जागी ३.१ व्होल्ट आले. हा मणी साडेतीन व्होल्टच्या खाली चालण्याची हमी देत नाही. दोन कमानींच्या ऋण तारांमध्ये मीटर लावला तर दीड व्होल्टचा फरक दिसला. ज्या दोन तारा एकच शून्य असायला हव्यात, त्यांच्यात दीड व्होल्ट! शोधत गेलो तेव्हा पेटीतील एक स्क्रू सैल आढळला. दुसऱ्या कमानीची जाड ऋण तार त्याखाली नुसती टेकलेली होती. परतीची सारी धारा मग दुसरी वाट शोधत होती आणि संकेताच्या सोबतीला पहिल्या कमानीकडून आलेल्या केसासारख्या ऋण तारेतून परत जात होती. चित्र मंद असताना ती बारीक तार तग धरी. पूर्ण पांढऱ्याचा भार आला की दुसऱ्या कमानीचे शून्यच दीड व्होल्ट वर उचलले जाई आणि मण्यांना ना पुरेसा दाब मिळे, ना संकेत समजे. स्क्रू आवळला आणि सारे थांबले. त्या पेटीचे स्क्रू त्या मुलाने आवळलेले नव्हते. पेटी भाड्याने आणलेली आणि तशीच जोडून मिळालेली होती.

मी भाराशिवाय दाब मोजला, ही माझी तांत्रिक चूक. जे चालते त्याची नोंद न करता जे चालत नाही त्यावर निकाल दिला, ही माझी मोठी चूक. आणि त्या मुलाने विचारलेला प्रश्न हाच खरा निदानाचा प्रश्न होता, तो मी ऐकला नाही, ही सर्वांत मोठी. मी मंडळाच्या बैठकीत जाऊन हे सांगितले, त्याचे कापलेले पैसे त्याला मिळाले. पण लोकांसमोर गेलेला त्याचा शब्द परत यायला पुढचा एक हंगाम लागला. मांडवात चुकीचे निदान झाले की त्याची किंमत बहुधा सर्वांत लहान माणूस मोजतो, म्हणून हा विषय मला केवळ विजेचा वाटत नाही.

सुरक्षेविषयी दोन शब्द

पाच किंवा बारा व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून मुले निर्धास्त असतात. परंतु सप्लायच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि मांडवाचा सांगाडा बहुधा लोखंडी असतो. तपासणीपूर्वी प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. सप्लायला अर्थिंग असावे, जोडांवर झाकण असावे, मांडवाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तोडणारा आरसीसीबी असावा, आणि खांबावरून आकडा टाकून वीज घेण्याचा विचारही करू नये. कमी दाबाच्या बाजूला झटका नसला तरी आग असते. ५०० मण्यांची माळ पूर्ण पांढरी झाली तर ३० अँपिअरपर्यंत धारा मागू शकते आणि सैल सांधा तेवढ्याने कापडाच्या झालरीला पेटवू शकतो. म्हणून प्रत्येक फाट्याला योग्य फ्यूज हवा आणि मण्यांचे तेज कंट्रोलरमध्येच मर्यादित ठेवावे. अर्ध्या तेजातही कमान सुंदर दिसते.

शाळेला विनंती

शेवटी आपल्या शाळेला एक विनंती करून मी थांबतो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर ५० मण्यांची एक माळ, एक सप्लाय, एक लहान कंट्रोलर आणि एक मीटर कायम मांडून ठेवावे. शिक्षकांनी त्यात मुद्दाम एक दोष घालून ठेवावा. कधी स्क्रू सैल करावा, कधी बारीक तार लावावी, कधी रंगांचा क्रम उलटवावा. मुलांनी वहीत दोन रकाने आखून तो शोधावा. ओहमचा नियम, धारकता, द्विमान अंक, हे सारे त्या एका टेबलावर शिकता येईल. आपल्या भागातील कितीतरी मुले पुढे हेच काम करून घर चालवतात. त्यांना ते कारणांसह यावे. या टेबलासाठी लागणारे साहित्य मी आज शाळेकडे सुपूर्द करीत आहे. त्यातील माळ त्याच मुलाने दिलेली आहे. आरतीला बिघडणारी, आणि मुळात कधीच न बिघडलेली. पहिला दोषही त्यानेच घालून ठेवला आहे आणि तो कोणता, हे त्याने मलाही सांगितलेले नाही.